आरिया म्हणजे खाली

५ जानेवारी, रविवार

पार्ल्याचं काम सुरू. रस्ता फक्त रविवारी बंद मिळतो, तोही संध्याकाळच्या आत मोकळा करून द्यायचा. म्हणजे पुढचे सगळे रविवार गेले. वैशालीला सांगितलं तर म्हणाली, "तू घरी असलास तरी झोपतोसच ना."

सात मजली ऑफिसची इमारत. मागच्या गच्चीवर एसीची धुडं बसवायची आहेत. आधी लोखंडी सांगाडे, मग लहान मशिनं, शेवटी सगळ्यात मोठं. क्रेन पुढच्या रस्त्यावर, गच्ची मागे, मधे पाण्याची टाकी. टाकीपलीकडचं मला केबिनमधून काहीच दिसत नाही. क्रेनचा लांब हात, बूम, टाकीवरून पलीकडे जातो आणि वजन आंधळ्या बाजूला उतरतं. तिथे माझे डोळे म्हणजे लहूकाका.

समोर असले की काका हाताने सांगतात. बोट वर करून फिरवलं की उचल, बोट खाली करून फिरवलं की सोड, मूठ आवळली की थांब. दिसत नसले की वॉकीवर आवाज. हाबेस म्हणजे वर, आरिया म्हणजे खाली. बंदरातली भाषा. काकांनी तरुणपणी गोदीत उचलली, मी काकांकडून. आता शब्द कानातून थेट हातात जातो, मधे डोकं लागत नाही.

नवीन इंजिनियर आली आहे. चष्मा, हेल्मेट मापापेक्षा मोठं. नाव सांगितलं, आर्या. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि हसता हसता खोकायलाच लागले. "इतकी वर्सां आरिया आरिया करतंय, आज ती खरीच इली!" पोरीला कळेना. मी समजावलं, तीसुद्धा हसली.

मला हसू आलं नाही. का, माहीत नाही.

८ जाने., बुधवार

यार्डात. क्रेनच्या जॅकच्या पायाखालच्या लाकडी फळ्या बदलल्या, एक कुजली होती. वायररोप हाताने चाचपून बघितला, ठीक आहे. काका दिवसभर बसून विड्या. त्यांना आता यार्डातल्या कामाला कोणी हात लावू देत नाही, वयाचा मान. ते मात्र चिडतात. "माका काय शोभेक ठेवलास?"

या माणसाच्या भरवशावर मी आंधळी वजनं उतरवत आलोय. दुसऱ्या कोणाच्या आवाजावर माझा हात असा हलत नाही. वै. म्हणते माझ्यासुद्धा नाही.

१२ जाने., रविवार

वाट लागली असती.

सांगाड्याचा जुडगा गच्चीवर, टाकीपलीकडे, हवेत. काकांनी "थांब" म्हटलेलं. मी थांबलेलो. काकांच्या हातात वॉकी, बटण दाबलेलंच राहिलेलं. तेवढ्यात गच्चीवरच्या सुपरवायझरने त्या पोरीला हाक मारली, "आर्याऽ, जरा इकडे ये." वॉकीतून मला काय ऐकू आलं? आरिया.

हात हलला. मी नाही हलवला, हलला. लगेच काकांची शिवी आली आणि मी धरलं. लोखंड काकांच्या बुटावर टेकलं होतं. बुटात पुढे पोलादी टोपी, म्हणून बोटं राहिली.

खाली आल्यावर सगळे हसत होते. सुपरवायझर सगळ्यात जास्त. "काय मिलिंद, मॅडमचं नाव ऐकून खालीच आलास!" मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. पोरगी पांढरी पडलेली. काका शांत, बूट काढून बघत होते. टोपी चेपली आहे.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण हा कावळा दर रविवारी त्याच फांदीवर बसणार.

१३ जाने., सोमवार

ऑफिसात बोलावलं. सगळं काम बघणाऱ्या कामतसाहेबांनी नियम काढला. वॉकीवर फक्त वर, खाली, थांब. जुने शब्द बंद. मॅडमना कोणी नावाने हाक मारायची नाही.

काका म्हणाले, "चाळीस वर्सां जीब ताच बोलता. आता तिका शाळेत धाडू?" कामतसाहेब हसले नाहीत.

जिन्यात पोरगी भेटली. काकांना म्हणाली, "सॉरी हां काका, माझ्या नावामुळे." काका म्हणाले, "नावाचो काय दोष गो? मी तुका बाय म्हणान." आमच्यात ठरलं. ती बाय.

१५ जाने., बुधवार

संध्याकाळी वाकोल्याला काकांकडे. शाळा. काका मोरीकडे तोंड करून उभे, मी खाटेवर बसून दोरीला बांधलेला तांब्या हातात. ते बोलतील तसा तांब्या वर-खाली. काकी भाकऱ्या थापता थापता बघत होती.

"वर. वर. थांब. आरि—"

काकी म्हणाली, "नापास!"

पुन्हा. पुन्हा. काकांना घाम फुटला. खाली म्हणताना जीभ अडखळते, जणू तोंडात खडा आहे. मी माझं ठरवून टाकलं. काका चुकले तरी माझा हात चुकता कामा नये. आरिया ऐकलं की हात बांधलेला. काही झालं तरी हलायचं नाही.

घरी येऊन वै.ला कामाला लावलं. मी चहाचा कप ठेवायला जातो, ती मागून ओरडते, "आरिया!" मी कप हवेत धरून उभा. ती पोट धरून हसते. हसू दे. कप खाली गेला नाही ना.

१९ जाने., रविवार

लहान मशिनं चढली. झकास काम. काका "खाली, खाली, थोडं खाली, थांब" एकदम शाळेतल्या मुलासारखे. एकदाही चूक नाही.

काम सुरू करायच्या आधी काका नारळ फोडतात. आमच्यात ते नाही, मी हात जोडत नाही, खोबरं मात्र खातो. बायने पण खाल्लं. पोरगी चांगली आहे. स्वतः टेप घेऊन माप घेते, दुसऱ्याच्या मापावर विश्वास नाही. पण एक खोड वाईट. मशीन खाली येत असताना बोल्टची भोकं जुळतायत का बघायला ते बसायच्या चौथऱ्याशी जाऊन उकिडवी बसते. काकांनी सांगितलं मला. जेवताना मी तिला झापलं. टांगलेल्या वजनाखाली आई असली तरी जायचं नाही.

"खाली नाही हो जात, बाजूलाच असते."

वजन वाऱ्यावर फिरलं की बाजू कुठली आणि खाली कुठलं, हे तिला अजून ठाऊक नाही.

२२ जाने., बुधवार

आज मुलुंडला दुसऱ्या पार्टीचं काम. साधं. डोळ्यांसमोरचं वजन, जनरेटर ट्रकवरून उतरवायचा. सिग्नल द्यायला अनोळखी माणूस, तोही जुन्या वळणाचा. त्याने हाक दिली, आरिया.

माझा हात हलला नाही.

तो पुन्हा ओरडला. माझा हात लिव्हरवर, आणि हलेना. मला कळतंय की खाली सोडायचंय, दिसतंय की ट्रक मोकळा आहे, तरी हलेना. तो माणूस केबिनशी आला, "झोपलास काय रे?" मग सोडलं.

काही झालं नाही. जनरेटर उतरला. पण माझ्या पाचावर धारण बसली. इतक्या वर्षांचा हात मी आठवड्यात मोडून ठेवला. काकांची जीभ घाईत, भीतीत, जुनाच शब्द बोलणार. आणि त्या वेळी मी हात बांधून बसलेला असणार.

२३ जाने., गुरुवार

काकांना मुलुंडचं सांगितलं. त्यांनी खिशातून विडी काढली. मग म्हणाले, "म्हणजे आता मी चुकलंय तर तू ऐकूचा नाय. आणि तू ऐकूचा नाय म्हणान मी चुकूचा नाय." विडी पेटवली. पेटवताना काडी दोनदा विझली.

२ फेब्रुवारी, रविवार

मोठं मशीन आज चढणार होतं. चढलं नाही. दुपारी वर्सोव्याकडून वारा सुटला, टाकीवर वारा बघायला बांधलेली चिंधी आडवी झाली. मी नाही म्हणालो. कामतसाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. रस्त्याची परवानगी आता एकाच रविवारची उरली.

मी त्यांना म्हटलं, टाकीच्या कोपऱ्यावर अजून एक माणूस द्या. त्याला गच्ची दिसेल आणि मला तो दिसेल. हाताने सांगेल. वॉकीची भानगडच नको.

"टाकीवर माणूस उभा करायचा म्हणजे वेगळा बेल्ट, वेगळी परवानगी. पुढच्या कामाला बघू."

पुढच्या कामाला. बरं.

काकांनी ऐकलं सगळं. 

६ फेब्रुवारी, गुरुवार

झोप नाही. वै. म्हणते, सुट्टी टाक. टाकली तर दुसरा ऑपरेटर येईल, ज्याने काकांचा आवाज कधी ऐकलेला नाही. त्यापेक्षा मी बरा. निदान मला माहीत आहे की भीती कुठे आहे.

तिने आज मागून आरिया म्हणून ओरडणं बंद केलं. मी म्हटलं, ओरड ना. ती म्हणाली, "नको रे, पुरे आता."

९ फेब्रुवारी, रविवार

नारळ चांगला निघाला. पाणी गोड.

काका इस्पितळात.

आज लिहवत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

लिहून काढतो. आत्ताच लिहिलं पाहिजे, नाहीतर लोकांचं ऐकून माझंच बदलेल.

सकाळी वारा नव्हता. मोठं मशीन उचललं, टाकीवरून पलीकडे नेलं. काका वॉकीवर. वर. थांब. फिरव. थांब. खाली, खाली, खाली. सगळं नीट. मग "थांब." मशीन चौथऱ्याच्या वर, कमरेइतकं उंच. बोल्टची भोकं बघत असणार असं मला वाटलं. मी धरून बसलो.

मग झुळूक आली. केबिनच्या काचेवर धूळ लागली म्हणून कळलं. वजनाचा काटा जरा हलला. मशीन तिकडे फिरायला लागलं असणार. मला दिसत नाही. मला काहीच दिसत नाही.

आणि वॉकीवर काकांचा आवाज, जोरात, एकदाच.

आर्याऽ. किंवा आरियाऽ.

माझा हात लिव्हरवर. मी सोडलं नाही.

ते ठरवून केलं का? नाही. हात बांधलेला होता, तो बांधलेलाच राहिला. मग काट्याने एक झटका खाल्ला, बूममधून तो माझ्या पाठीपर्यंत आला. त्यानंतर वॉकीवर नुसती खरखर, आणि मग त्या पोरीचा आवाज. ती "वर घ्या, वर घ्या" म्हणत होती. घेतलं.

मशीन वाऱ्याने फिरून टाकीच्या भिंतीकडे गेलं. मधे काका. बरगड्या गेल्या, फुप्फुसाला लागलं. गळ्यातून नळी घातली आहे. जिवंत आहेत, शुद्ध नाही.

आरिया म्हणून सोडलं असतं तर मशीन अर्धं तरी चौथऱ्यावर टेकलं असतं, फिरलं नसतं. काकांना लागलं नसतं. पण चौथऱ्याशी बाय होती, गच्चीवरचे सांगतात. उकिडवी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

इस्पितळाच्या बाहेर बाय भेटली. बाकड्यावर बसलेली, हातात तेच मोठं हेल्मेट. कामावर जातच नाही म्हणाली, तरी हेल्मेट आणलेलं.

मी विचारलं, तू नक्की कुठे होतीस?

"मी बोल्ट बघत होते. हाक ऐकली आणि मागे उडी मारली. त्यांनी वाचवलं मला."

"तुला हाक मारली त्यांनी?"

ती बराच वेळ हेल्मेटचा पट्टा ओढत राहिली. "मला काका बाय म्हणायचे ना. त्या दिवशी सकाळीसुद्धा बायच म्हणाले होते. नावाने कधी... " आणि रडायला लागली.

  पाणी आणून दिलं. इतकंच सुचलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कामतसाहेबांनी बोलावलं. जबाब लिहून हवा आहे. पंखा चालू, चहा मागवलेला, आवाज एकदम गोड.

"बघ मिलिंद, तू आरिया ऐकलंस तर बंदी असलेला शब्द काकांनी वापरला. चूक त्यांची. तू आर्या ऐकलंस तर मॅडम टांगलेल्या वजनाशी होत्या. चूक मॅडमची. दोन्हीकडे क्रेनचा दोष नाही, तुझा नाही. मग अडचण काय आहे?"

मी म्हटलं, मी काय ऐकलं ते मला माहीत नाही.

"माहीत नसेल तर आठव. सोमवारपर्यंत आठव."

आणि टाकीवर मागितलेला माणूस? त्याचं काय लिहायचं? ते म्हणाले, तो विषय वेगळा आहे.

विषय वेगळा. माणूस आत नळ्या लावून पडलाय आणि विषय वेगळा! मी चहा तसाच ठेवून आलो. 

१७ फेब्रुवारी, सोमवार

जबाब दिला नाही. तब्येत बरी नाही म्हणून कळवलं. शनिवारपर्यंतची मुदत. वै. म्हणते खरं ते लिही. खरं काय, ते सांग आधी.

घरी कोणी नसताना दोन्ही शब्द मोठ्याने बोलून बघितले. आर्या. आरिया. काकांच्या आवाजात. सावकाश बोललं तर वेगळे आहेत. ओरडलं की एकच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काकीला भेटलो. इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून डबा खात होती, एकटीच. मला अर्धी भाकरी दिली.

"इस्पितळात येवच्या आधीचे चार दिवस रात्री झोपेत बडबडत होते. 'खाली, खाली' म्हणान. मी म्हटलंय, खाली खय जातास? गप निजा." मग म्हणाली, "शिकले होते रे ते. तुका सांगतंय, शिकले होते."

शिकले होते, म्हणजे आरिया तोंडात येणार नाही. म्हणजे आर्या. म्हणजे माझा हात बरोबर होता.

पण मग बाय का नाही म्हणाले?

काकीने विचारलं नाही मी काय ऐकलं. ती कधीच विचारणार नाही, आणि त्यामुळे मला तिच्यासमोर बसवत नाही. 

२२ फेब्रुवारी, शनिवार

मुदत आज होती. गेलो नाही. फोन आला, घेतला नाही.

दुसऱ्या पार्टीने कुर्ल्याचं काम विचारलं. नाही म्हटलं. केबिनमध्ये बसवेल असं वाटत नाही. कोणाचा आवाज ऐकून हात हलवायचा?

२३ फेब्रुवारी, रविवार

काका शुद्धीवर. काल रात्रीच आले म्हणे. गळ्यातली नळी अजून आहे, बोलता येत नाही. डॉक्टर म्हणतात, बोलायला वेळ लागेल, आवाज पूर्वीसारखा येईल असं नाही.

दुपारी आत सोडलं. काकी बाहेर गेली, मुद्दाम असेल. काकांच्या पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केलेली. मला बघितलं. डोळ्यांत ओळख होती. मी पायाशी उभा राहिलो, जवळ जायचा धीर होईना. 

मग त्यांचा उजवा हात चादरीवरून उठला. बोट खाली. बारीक गोल फिरवलं.

आधी वाटलं थरथरतोय. नर्स म्हणाली, "पलंग खाली करायचाय का बाबांना?" आणि ती दुसऱ्या पेशंटकडे गेली. पलंगाच्या पायाशी फिरवायचा दांडा असतो. मी तो धरला. काकांकडे बघत फिरवायला लागलो. सावकाश, अंड्यांची टोपली उतरवावी तसा. बोट फिरत होतं. मी सोडत होतो. थोडं. अजून थोडं.

मूठ आवळली. थांबलो.

मी म्हटलं, "काका, त्या दिवशी तुम्ही..."

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांच्या कडेने पाणी उशीत गेलं. मूठ उघडली नाही, तशीच हवेत धरून ठेवली. मी पुढे विचारायला तोंड उघडलं आणि त्यांनी ती मूठ अजून घट्ट आवळली.

मी दांडा हातात धरून तसाच उभा राहिलो.